गुडघ्याखाली चार बोटं

शाळेच्या गणवेशावर वाद निघाला की दोन ठरलेल्या बाजू उभ्या राहतात. एक म्हणते, गणवेशाने गरीब-श्रीमंत भेद मिटतो, शिस्त लागते, त्याबद्दल कुरकुर करणं म्हणजे चोचले. दुसरी म्हणते, गणवेश म्हणजे पलटणीचा वारसा, तो मुलांचं व्यक्तिमत्त्व दडपतो. मुलींच्या शाळेपुरतं पाहिलं तर दोघेही भलत्याच जागी भांडत आहेत. तिथे गणवेशाच्या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी चालतात. सगळ्यांनी सारखं कापड घालायचं, ही एक. त्या कापडातल्या अंगावर, केसांवर, भुवयांवर, वाढत्या वयावर रोज नजर ठेवायची, ही दुसरी. पहिल्या गोष्टीला चांगली कारणं आहेत. दुसरी ती कारणं उसनी घेऊन जगते.

माझं म्हणणं असं की मुलींच्या शाळांतले पोशाखाचे बहुतेक बारीकसारीक नियम ना समतेपोटी आले, ना शिस्तीपोटी. शाळांनी पालकांशी आणि गावाशी केलेल्या एका जुन्या, न लिहिलेल्या करारातून ते आले. तो करार एके काळी गरजेचा होता. आता त्याची मुदत संपली आहे, वसुली मात्र चालू आहे.

१. समता खरी, पण अर्धी

समतेचा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. ज्या वर्गात एकीच्या वडिलांचं सोन्याचांदीचं दुकान आहे आणि दुसरीची आई चार घरची धुणीभांडी करते, तिथे ‘आज काय घालू’ हा प्रश्न रोज सकाळी न पडणं ही फार मोठी सोय आहे. सरकारनेही ती मान्य केली आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलींना दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये धरलेले आहेत. २०२४-२५ मध्ये आपल्या राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ काढला, शिलाईचं काम महिला बचत गटांकडे दिलं. गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, पोहोचले तिथे मापं चुकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. समता मुंबईहून कापून पाठवता येत नाही, एवढं तरी त्यातून कळलं.

पण सारख्या कापडातूनही परिस्थिती दिसतेच. वाढत्या अंगाचा म्हणून मोठी दुमड ठेवून शिवलेला स्कर्ट पाहा. दोन वर्षांनी आई ती दुमड उसवते. वरचं कापड उन्हाने आणि साबणाने विटलेलं, खाली चार बोटं रुंद गडद निळी पट्टी, आणि दोन्हींच्या मध्ये जुन्या टिपेच्या भोकांची रेघ. वर्गातल्या प्रत्येक मुलीला ती पट्टी वाचता येते. नवीन स्कर्ट घेणं परवडत नाही म्हणून उसवलेली दुमडही जेव्हा पुरेनाशी होते, तेव्हा प्रार्थनेच्या रांगेतून नेमकी हीच मुलगी बाजूला काढली जाते: ‘आखूड झालाय, उद्या पालकांना घेऊन ये.’ पावसाळ्यात एकच जोड धुऊन वाळत नाही, मग रंगीत कमीज घालून आलेलीलाही तेच. समतेसाठी आणलेला गणवेश लांबीच्या आणि स्वच्छतेच्या तपासणीपाशी आला की गरिबीवर दंड बसवतो. गणवेशाचा हा दोष नाही. त्याच्या पोटात वाढलेल्या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

२. जिथे मुलगेच नाहीत

ती दुसरी गोष्ट स्वच्छ पाहायची असेल तर मुलींच्या शाळेइतकी सोयीची जागा नाही. मुलामुलींच्या एकत्र शाळेत कोणत्याही नियमाचं समर्थन एका वाक्यात उरकता येतं: मुलांचं लक्ष विचलित होतं. इथे मुलगेच नाहीत. तरीही नियम कमी नाहीत, उलट बऱ्याचदा जास्तच आहेत.

ट्युनिक किंवा स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं. आत शमीज हवीच. आठवी-नववीपासून सलवार-कमीज, ओढणी घडी घालून दोन्ही खांद्यांवर पिन केलेली, काही ठिकाणी त्यावर कोटी. केस खांद्याला टेकले की दोन वेण्या, त्याही दुमडून रिबिनीने वर बांधलेल्या. कानात बारीक टॉप, लोंबतं काही नाही. मेंदी नाही, नेलपॉलिश नाही, भुवया कोरायच्या नाहीत. टिकलीचा मामला तर मजेचा आहे. काही शाळांत ती लावली म्हणून बोलणी बसतात, काही शाळांत लावली नाही म्हणून. दोन्हीकडे कारण एकच सांगतात: शिस्त.

यातल्या प्रत्येक नियमाला विचारून पाहा, तू नसतास तर काय बिघडलं असतं? मावसबहिणीच्या लग्नात काढलेली मेंदी आठ-दहा दिवसांत उतरते. तेवढ्या दिवसांत कोणाचं बीजगणित कच्चं राहिलं? कोरलेल्या भुवयांनी कोणत्या तासाला अडथळा येतो? पुरुष शिक्षकांचं लक्ष जातं असं कोणी म्हणत असेल, तर नियम त्या शिक्षकासाठी करायला हवा, विद्यार्थिनीसाठी नव्हे. अभ्यासातलं लक्ष उडतं म्हणावं, तर तपासणीत गेलेला वेळ आणि वर्गाबाहेर उभं राहून बुडालेला तास त्याहून कितीतरी महाग आहे.

फार ताणून विचारलं की शेवटी खरं उत्तर बाहेर येतं: ‘रस्त्यात लोक काय म्हणतील? अमुक शाळेच्या मुली अशा!’ म्हणजे हा नियम वर्गासाठी नाहीच, तो रस्त्यासाठी आहे. मुलीचं अंग हा शाळेचा फलक आहे आणि तो शाळेला हवा तसा रंगवून ठेवायचा आहे.

३. करार कुठून आला

हा आग्रह मुख्याध्यापिकांच्या लहरीतून आलेला नाही, आणि त्यांना झोडपून काही साधायचंही नाही. त्याला इतिहास आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. तिथे शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या दुसरी साडी बरोबर नेत, ही हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे. आपण ती धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण लोकांनी फेकण्यासाठी काय निवडलं तेही पाहावं. शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या बाईला घाण लावायची होती ती तिच्या अंगावर, कपड्यांवर.

१८८४ मध्ये रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. तेव्हा टिळकांच्या ‘मराठा’ने तिथल्या अभ्यासक्रमावर, इंग्रजीवर, शाळेच्या वेळेवर टीका केली. मुली दुपारभर घराबाहेर राहिल्या तर घरकाम कधी शिकणार, हा त्या टीकेचा रोख. अशा हवेत शाळा चालवणाऱ्यांना रोज एक गोष्ट सिद्ध करावी लागे: मुलगी शिकली तरी बिघडत नाही. गुणपत्रिकेतून हे दिसत नाही. दिसतं ते चालण्यातून, पदरातून, वेणीतून. आगरकरांसारखा निर्भीड सुधारकसुद्धा बायकांनी जाकीट घालावं म्हणून लेख लिहितो, यावरून त्या काळी स्त्रीशिक्षण आणि स्त्रीचा पोशाख हे प्रश्न किती एकात एक गुंतले होते ते कळतं.

यातून मी काढलेला निष्कर्ष असा. मुलींच्या शाळांनी समाजाशी सौदा केला: तुम्ही मुलगी पाठवा, आम्ही ती ‘सभ्य’ दिसेल याची हमी देतो. त्या काळी हा सौदा शहाणपणाचा होता. त्याच्या बळावर हजारो मुली दाराबाहेर पडल्या, ज्यांच्या पणत्या आज डॉक्टर आणि वकील आहेत. पोशाखाच्या सोवळेपणाची टिंगल करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मात्र सौदा ज्या अटीवर झाला ती अट आता उरलेली नाही. आज महाराष्ट्रातला बाप मुलीला शाळेत पाठवताना ‘ती बिघडेल का’ हा प्रश्न पहिला विचारत नाही, ‘दहावीला किती पडतील’ हा विचारतो. समाज हमी मागायचा थांबला, तरी शाळा ती देतच राहिली.

४. कसोटी: अंगावर आहे हे विसरता येतं का

मग चांगला गणवेश कोणता? माझी कसोटी साधी आहे. सकाळी घातल्यावर शाळा सुटेपर्यंत जो अंगावर आहे हे मुलीला आठवावं लागत नाही, तो चांगला. बागकामाच्या हातमोज्यांसारखा: हात कामात, मोज्यांकडे लक्ष नाही. गणवेशाचा मूळ दावाच हा आहे की त्याने कपड्यांचा विचार संपतो. तो दावा आपण मुलींच्या बाजूने तपासून पाहू.

स्कर्ट घातलेली मुलगी मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना एक हात मांडीपाशी ठेवते. जिना चढताना मागे बघते. जमिनीवर बसताना आधी घेर सावरते, मग वही उघडते. आत घट्ट सायकलिंग शॉर्ट घालायची सूचना काही शाळा देतात, म्हणजे वरचा कपडा कामाचा नाही ही कबुलीच. पिन केलेल्या ओढणीत हात वर करून उत्तर देताना खांद्याची पिन ओढली जाते. शिवाय खेळाच्या तासाचा वेगळा ड्रेस आठवड्यातून एखाद्या दिवशीच असतो, बाकीचे दिवस बसून राहण्याच्या पोशाखाचे.

हे केवळ निरीक्षण नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १३५ देश-प्रदेशांतल्या दहा लाखांहून अधिक मुलांची आकडेवारी तपासली. जिथे बहुतेक शाळांत गणवेश सक्तीचा, तिथे रोज सरासरी तासभर हालचाल करणारी मुलं कमी निघाली. प्राथमिक वयात मुलगे आणि मुली यांच्यातलं या बाबतीतलं अंतर गणवेश नसलेल्या ठिकाणी ५.५ टक्के-अंक होतं, गणवेश असलेल्या ठिकाणी ९.८. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. पण ज्या देशात मुली मैदानावर कमी दिसतात अशी तक्रार क्रीडाशिक्षक वर्षानुवर्षं करतात, तिथे हा आकडा बाजूला सारता येणार नाही.

आणि पांढरा रंग. शनिवारचा पांढरा गणवेश, पांढरी सलवार, पांढरा स्कर्ट. पाळीच्या दिवसांत तो घालून सहा तास बाकावर बसणं म्हणजे काय, हे कोणत्याही बाईंना समजावून सांगावं लागू नये. बाकावरून उठताना मैत्रिणीला ‘बघ ना गं’ म्हणायचं, दप्तर मागे धरून स्वच्छतागृहाकडे जायचं, नाहीतर त्या दिवशी खाडाच करायचा. पांढऱ्याबद्दल जगात सर्वांत हट्टी असलेल्या विम्बल्डननेही २०२३ पासून महिला खेळाडूंना आतली चड्डी गडद रंगाची घालायची मुभा दिली. आपल्या शाळांतला पांढरा रंग नक्की कशासाठी राखला आहे? स्वच्छतेचं प्रतीक म्हणून? ज्या रंगाने मुलगी महिन्यातले चार दिवस धास्तावते, त्याला स्वच्छतेशी जोडणं निर्दयपणाचं आहे.

केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या सरकारी मुलींच्या उच्च माध्यमिक शाळेने डिसेंबर २०२१ मध्ये अकरावीच्या मुलींसाठी शर्ट-पँट आणली. ज्यांना हवं त्यांना पूर्ण बाह्या आणि डोक्यावर रुमाल घ्यायची मोकळीक ठेवली. बाहेर निदर्शनं झाली, मुलींना मुलगे बनवता का, असं विचारलं गेलं. पुढच्या वर्षी सरकारला सांगावं लागलं की असा गणवेश कुठल्याही शाळेवर लादणार नाही. मला त्यातली पँट महत्त्वाची वाटत नाही. सलवारही तितकीच सोयीची असू शकते. सोय हा निकष धरून एका मुलींच्या शाळेने गणवेशाचा विचार केला, हे मोलाचं.

५. पहारा करणाऱ्या मुली

या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत मुलींच्या कपड्यांत नाही, त्यांच्या नजरेत मोजली जाते. तपासणी बाई एकट्या करत नाहीत. मॉनिटर करते. हातात वही, नखं बघते, रिबीन बघते, नावं लिहिते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला शाळा पहिला अधिकार देते तो दुसऱ्या मुलीच्या अंगावर खोट शोधण्याचा. पुढे सोसायटीत, कचेरीत, सासरी एक बाई दुसरीच्या पदराकडे बघून शेरा मारते, तेव्हा आपण ‘बायकाच बायकांच्या शत्रू’ म्हणून मोकळे होतो. हा धडा कुठे गिरवला ते पाहत नाही.

बाईही मोकळ्या नाहीत. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षकांसाठीच पोशाखाचा आदेश काढला: स्त्रियांना साडी किंवा ओढणीसह सलवार-कमीज, जीन्स आणि टी-शर्ट नको. ज्यांच्या स्वतःच्या कपड्यांचा निर्णय दुसरे घेतात, त्यांच्या हाती मुलींच्या कपड्यांची छडी दिलेली आहे. त्या ती सैल हाताने चालवतील अशी अपेक्षा कशी ठेवायची?

६. आक्षेप

‘शिस्त नको का?’ हवी. पण वेळेवर येणं, गृहपाठ करणं, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देणं ही शिस्त आहे. वेण्यांची संख्या नाही. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध केला आहे. शंभर मुलींपुढे एकीच्या स्कर्टला फूटपट्टी लावणं त्यात बसत नाही असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल?

‘बाहेरचं जग वाईट आहे, गणवेशाने मुली सुरक्षित राहतात.’ पालकांची ही काळजी खरी आहे. गणवेशामुळे मुलगी कोणत्या शाळेची हे कळतं आणि अडचणीत मदत मिळते, हेही खरं. त्यासाठी शाळेचा रंग आणि बिल्ला पुरतो. छेड काढणारा स्कर्टची लांबी मोजून ठरवत नाही. गुडघ्याखाली चार बोटं स्कर्ट आणि दोन वेण्या घालून बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलींनाच विचारा.

‘नियम सैल केले की फॅशनची चढाओढ लागेल.’ म्हणूनच मी गणवेश काढा म्हणत नाही. कापड सारखंच राहू दे. जाऊ दे तो पहारा.

खरा अवघड आक्षेप धर्माचा आहे. तो टाळून हा लेख प्रामाणिक राहणार नाही. कर्नाटकातल्या उडुपीचा हिजाबचा वाद सरकारी मुलींच्या पदवीपूर्व महाविद्यालयातच सुरू झाला, हे आपण विसरून गेलो आहोत. म्हणजे तिथेही मुलगे नव्हते. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारचा आदेश निघाला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्तांनी आदेश योग्य ठरवला. न्या. सुधांशू धुलियांनी मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न सर्वांआधी ठेवला. मला दुसरी बाजू पटते, पण पहिलीत काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. एका धर्माची खूण चालते तर दुसऱ्याची का नाही, असं करत वर्गात झेंडे उभे राहतील, ही भीती पोकळ नाही. आणि हिजाब घालणाऱ्या प्रत्येक मुलीने तो स्वतः निवडलेला असतो, हे म्हणणंही भाबडेपणाचं आहे. घरची सक्ती असते, मोहल्ल्याची असते.

पण त्या सक्तीवर उपाय काय? जिच्यावर घरी सक्ती आहे तिला शाळेच्या दारातून परत पाठवलं तर ती कुठे जाते? त्याच घरी. सक्तीतून सुटायची तिची एकच वाट शाळेतून जाते आणि आपण ती बंद करतो. गणवेशाच्याच रंगाचा रुमाल डोक्यावर असला तर सारखेपणा कितीसा बिघडतो? ऑगस्ट २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या हिजाब आणि टोपीबंदीला सर्वोच्च न्यायालयाने अंशतः स्थगिती दिली, तेव्हा मग टिळा लावणाऱ्यांनाही बंदी घालणार का, अशी विचारणा झाली. टिकली सक्तीची करणाऱ्या शाळांनी तो प्रश्न स्वतःलाही विचारावा.

इथे जुना करार पुन्हा दिसतो. एक घर म्हणतं, मुलगी झाकलेली असेल तरच शाळेत येईल. शाळा म्हणते, उघडी असेल तरच आत घेऊ. दोघांचीही अट तिच्या अंगावर आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुलगी आत येणं महत्त्वाचं मानून सुधारकांनी समाजाच्या अटी पोटात घातल्या. तेवढा पोक्तपणा आजच्या शाळेला दाखवता येऊ नये?

७. ठरवायचं कोणी

विनाअनुदानित शाळा सोडून बाकीच्या शाळांत शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे कागदावर तरी ज्या आयांनी स्वतः तो पांढरा गणवेश घातला, त्याच आज तो बदलू शकतात. बैठकीत मात्र विषय येतो तो कोणत्या दुकानातून घ्यायचा एवढाच. दर, रंगाची छटा, बिल्ल्याचं भरतकाम. कापड घामात कसं वागतं, स्कर्टला खिसा आहे का, पाळीत अडचण होते का, बसता-धावता येतं का, हे विचारलं जात नाही. मुलींना विचारणं तर दूरच. खिशाचं एक उदाहरण पुरे आहे: मुलांच्या चड्डीला दोन खिसे असतात, मुलींच्या कित्येक गणवेशांना एकही नाही. रुमाल, पैसे, सॅनिटरी पॅड सगळं दप्तरात, आणि दप्तर वर्गात.

म्हणून संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापिकांना एक विनंती. जूनमध्ये पालकांच्या हाती नियमांचा कागद द्याल, त्याआधी प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण लिहा, आणि तो कागद सातवी ते दहावीच्या मुलींसमोर मोठ्याने वाचा. जे कारण त्यांच्या तोंडावर सांगताना तुम्हालाच अवघड वाटेल, तो नियम तिथल्या तिथे खोडा. पालकांनीही शाळेच्या पहिल्या सभेत निकालाच्या टक्क्यांबरोबर स्कर्टच्या खिशाचा प्रश्न विचारावा.